ऊसतोडीची टोळी गेली की वर्ग रिकामा. केनिया-रवांडात काय करतात?

वडवणीच्या_बाई
नमस्कार. वडवणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर 14 वर्षं शिकवतेय. पट 31. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, कोयते (ऊसतोडीची जोडपी) लेकरांसकट निघतात आणि माझ्यापुढं 12 लेकरं उरतात. हंगामी वसतिगृहामुळं काहीजण आजीपाशी राहतात, पण सगळ्यांना आजी नसते. परवा चौथीतल्या एका पोरीनं मराठीचं पुस्तक माझ्या कपाटात ठेवलं, पानात बाभळीची शेंग घातली आणि म्हणाली, "बाई, आल्यावर हितूनच."

पुढच्या शिक्षण परिषदेत मला बोलायचंय. केनिया आणि रवांडा, दोघांनीही 2003 मध्ये प्राथमिकची फी माफ केली. केनियात तर एका वर्षात दहा लाखांहून जास्त लेकरं नव्यानं शाळेत आली. पण नाव घालणं सोपं असतं, बसवून ठेवणं अवघड, हे मी दर हंगामात बघते. आत आलेल्या लेकरांचं तिथं पुढं काय झालं? कुणी राहिलंय का तिकडं?

लातूरचा_पंपवाला
ताई, मी बोअरच्या पंपांच्या कामावर तीन वर्षं उत्तर केनियात, तुर्कानात होतो. पाऊस हुकला की माणसं शेळ्या-उंट घेऊन चाऱ्यामागं निघतात. आपल्याकडं कोयता, तिकडं कळप, एवढाच फरक. सरकारनं तिथं दोन वाटा काढल्यात. एक, स्वस्तातल्या निवासी शाळा. दुसरी, फिरती शाळा: मास्तर कळपाबरोबर चालतो. लोडवार गावाच्या पुढं एका बाभळीखाली मी तसा वर्ग बघितला. फळा गाढवाच्या पाठीवरून उतरवला, झाडाला टेकवला. पोरं दिवसभर शेळ्या राखून आलेली, म्हणून वर्ग ऊन उतरल्यावर भरला. एक पोरगं पिवळा पाण्याचा कॅन पालथा घालून त्यावरच बसलं होतं.

त्याच देशात एल्डोरेटजवळ 84 वर्षांचे किमानी मारुगे 2004 मध्ये पहिलीत बसले. फी माफ झाली म्हणूनच आले. परिषदेत हे नक्की सांगा.

जालन्याची_सेविका
मी अंगणवाडीत रोज लेकरांची उंची मोजते, म्हणून ताटाचं विचारते. रवांडात 2019-20 च्या पाहणीत पाच वर्षांखालची 33 टक्के लेकरं वयाच्या मानानं खुजी निघाली. केनियात 2022 ला 18 टक्के. आपल्या महाराष्ट्रात 2019-21 ला 35! आकडा वाचून मी उंचीची पट्टी हातात धरून तशीच बसले. रवांडानं 2021 पासून शाळेतलं जेवण बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत नेलंय. आपली खिचडी आठवीला थांबते. ताई, साखर कारखान्यावर गेलेल्या लेकरांना कोपीवर (ऊसतोडवाल्यांच्या झोपडीत) दुपारी काय मिळतं, हेही बोला.

परभणीचे_गुरुजी
रवांडात जवळजवळ सगळ्यांची भाषा एकच, किन्यारवांडा. तरी 2008 मध्ये शिकवणं फ्रेंचमधून एकदम इंग्रजीत गेलं, मग पहिली ते तिसरी पुन्हा मातृभाषा, आणि 2019 मध्ये परत पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय. मास्तरालाच जी भाषा नीट येत नाही, तीत त्यानं भागाकार समजवायचा? आमच्या गावात सेमी-इंग्रजीसाठी आलेल्या पालकांना मी हेच सांगतो. त्यांचं एक मात्र घेण्यासारखं: महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळं गाव श्रमदानाला उतरतं. त्याला उमुगांडा म्हणतात. पुष्कळ वर्गखोल्या अशाच उभ्या राहिल्या.

वडवणीच्या_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपीवरच्या जेवणाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, ते आता पहिलं मांडते. पंपवाले दादा, एकच सांगा: कळप दुसऱ्या जिल्ह्यात गेला की हजेरी कोणाच्या पटावर लागते? आमची पोर कारखान्यावरच्या शाळेत बसली तरी माझ्याकडं गैरहजरच दिसते. मला परिषदेत नेमकं तिथंच बोट ठेवायचंय.