लॅब नर मेटिंगला द्यायचा आहे, आधी काय काय तपासायचं?

दहिसरचा_शेरू
नमस्कार मंडळी. आमचा लॅब्राडोर शेरू आता सव्वादोन वर्षांचा झाला. रंगाने पिवळा, वजन ३२ किलो, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर आहेत, चिपही बसवली आहे. बोरिवलीच्या एका गृहस्थांकडे मादी आहे. ती पुढच्या महिन्यात हीटवर (माजावर) येईल असं ते म्हणतात आणि त्यांनी शेरूला मागितलंय. बदल्यात एक पिल्लू किंवा रोख पैसे. आमच्या बाबांचं म्हणणं, एकदा तरी मेटिंग झालंच पाहिजे, नाहीतर नर चिडका होतो. शेरू स्वभावाने गरीब आहे, लसी वेळच्या वेळी होतात. पावसाळ्यात कान वाहतात आणि पंजे चाटत बसतो, तेवढं सोडलं तर ठणठणीत. हो म्हणण्याआधी आम्ही काय काय बघावं?

पार्ल्याची_मावशी
तुम्ही विचारून पाऊल उचलताय, याचं फार बरं वाटलं. माझ्या घरी लग्नाआधीपासून लॅब आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कानांबद्दल. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. वरचेवर वाहणारे कान आणि सतत चाटलेले पंजे ही लॅबमध्ये त्वचेच्या ॲलर्जीची नेहमीची खूण. ही ॲलर्जी बरीचशी आईबापांकडून येते. ती दिसू लागते साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान, म्हणजे शेरू अजून त्याच वयात आहे. मुंबईची दमट हवा तिला आणखी वाढवते. कानात औषध घातलं की चार दिवस बरं वाटतं, म्हणून माणसं तिला आजारात धरत नाहीत. पण ही ॲलर्जी घेऊन जन्मलेल्या पिल्लाला जन्मभर खाज, गोळ्या आणि खास शाम्पू यांतच काढावं लागतं, आणि ते ज्या घरी जातं त्या घरालाही. पिसवा, गोचिडी, खरूज, बुरशी यांपैकी काही नाही ना हे आधी बघून घ्या. मग डॉक्टर आठ आठवडे एकच ठरावीक खाणं देऊन बघायला सांगतील. त्यातूनही खाज उरली तर मेटिंगचा विषय बंद करा. ती उरणार की नाही हे कळेपर्यंत पुढच्या महिन्याला हो म्हणू नका.

बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की मेटिंग झालं नाही म्हणून नर आजारी पडत नाही, चिडकाही होत नाही. उलट एकदा झाल्यावर काही नर खिडकीशी रडत बसतात, जागोजागी मुततात, आसपास मादी हीटवर असली की जेवण टाकतात.

आता पिल्लांचं बोलू. लॅबच्या एका वेताला सात-आठ पिल्लं सहज होतात. पैसे घेऊन मोकळं झालं तरी ती निम्मी शेरूचीच. दीड वर्षाने एखाद्या घराला कुत्रा नकोसा झाला तर त्याला परत कोण घेणार, हे त्या गृहस्थांना आजच विचारा. उत्तर देताना ते चाचरले, तर मी तिथेच नाही म्हणेन.

परळ_पशुवैद्यक
मावशींशी सहमत. वैद्यकीय बाजू थोडी जोडतो.

खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे हवाच. खुब्यांचा शेवटचा दर्जा दोन वर्षं पूर्ण झाल्यावर ठरवतात, म्हणजे शेरूचं वय त्याला योग्य आहे. पाय नीट ताणून ठेवावे लागतात, त्यामुळे गुंगीचं इंजेक्शन लागतं. चालताना लंगडत नाही म्हणून खुबे चांगले असतील असं धरू नका.

जनुकांच्या तपासणीत लॅबसाठी दोन गोष्टी मुख्य: हळूहळू आंधळेपणा आणणारा पीआरसीडी-पीआरए, आणि जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी. दोन्ही लपून राहतात. नर आणि मादी दोघांकडे एकाच दोषाची एकेक प्रत असली, तर दोघं स्वतः धडधाकट दिसतात आणि सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. दोघांपैकी एक पूर्ण मोकळा असेल, तर त्या दोषाने पिल्लू आजारी पडत नाही.

मेटिंगआधी दोघांचीही ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. हा जंतू समागमातून पसरतो, गर्भ पाडतो, औषधांनी पुरता जाईल याची खात्री नसते आणि माणसालाही लागतो. लिंगावर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ आहे का तेही बघतात. टीव्हीटी नावाचा हा कर्करोग आपल्याकडे भरपूर दिसतो आणि मुख्यतः मेटिंगमधून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दोन्ही वृषण पिशवीत उतरलेले हवेत. एक वर राहिला असेल तर तो नर वापरायचा नाही, कारण ते वारशाने येतं.

कुर्ला_वेस्ट_७०
माझी लॅब एका एजंटकडून आणली. केसीआयचे पेपर अगदी स्वच्छ होते. दहाव्या महिन्यात तिला सोफ्यावर चढता येईना. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे उथळ निघाले. पेपरवर आजोबा-पणजोबांची नावं होती, खुब्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. आता आम्ही रोज तिला उचलून लिफ्टपर्यंत नेतो. पेपर आहेत म्हणजे कुत्रा निरोगी आहे, एवढं तरी कुणी समजू नका.

पार्ल्याची_मावशी
कुर्लेकर, वाचून जीव कळवळला. तिचं वजन वाढू देऊ नका, त्याने खूप फरक पडतो.

शेरूवाले, मादीची चौकशीही तुम्हीच करायची. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे मादी दीड वर्षाची तरी हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. पिल्लं विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तो कागद मागा. मागचं वेत कधी झालं तेही विचारा. दोघांच्या पेपरवर एकच आजोबा निघाला तर ती जोडी नको.

दहिसरचा_शेरू
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बोरिवलीला फोन केला. एक्स-रे म्हटल्यावर ते म्हणाले, इतकं कोण बघतं, त्यांना दुसरा नर मिळतोय. आम्ही नाही सांगितलं. बाबांनी मावशींचा मेसेज दोनदा वाचला आणि तेच शनिवारी शेरूला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. ॲलर्जीच निघाली तर नसबंदी करून टाकावी का?

परळ_पशुवैद्यक
करायला हरकत नाही. लॅबची वाढ या वयापर्यंत पूर्ण झालेली असते, त्यामुळे सांध्यांच्या दृष्टीने लवकर केली असं होणार नाही. आधी कान बरे होऊ द्या, रक्त तपासा, मग तारीख घ्या. खुब्यांचा एक्स-रे त्याच भुलीत उरकता येतो, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. नंतर खाणं थोडं कमी करा, लॅब नसबंदीनंतर पटकन जाड होतात.