सोसायटीत डेंग्यूचे सहा, यादीत एकच. नोंद कशी ठेवावी?

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी:
गणपतीपासून आमच्या सोसायटीत सात जण तापाने झोपलेत. सहा जणांची डेंग्यूची टेस्ट खासगी लॅबमध्ये पॉझिटिव्ह आली. फवारणीवाले आले तेव्हा विचारलं, तर त्यांच्या यादीत आमचा एकच पेशंट. बाकीचे गेले कुठे? मी एक्सेलमध्ये नोंद ठेवायला घेतलीय. रकाने कोणते करू?

निवृत्त_आरोग्यसेविका:
दादा, आधी टेस्ट कोणती ते बघा. कार्डावरची झटपट टेस्ट असेल तर सरकारी हिशेबात तो 'संशयित'. एलायझा पद्धतीने, म्हणजे लॅबमधल्या यंत्रावरच्या तपासणीत, एनएस१ (विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम (त्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलं तरच डेंग्यू धरतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्यानंतर आयजीएम. म्हणून ज्यांचा ताप अजून चालू आहे त्यांचा रक्तनमुना आरोग्य केंद्रातून एलायझासाठी पाठवायला सांगा.

आता रकाने. सगळ्यात महत्त्वाची तारीख ताप आला त्या दिवसाची. रिपोर्टची नव्हे. रिपोर्ट कुणाचा दुसऱ्या दिवशी येतो, कुणाचा आठव्या. त्या तारखांवरून साथ चढतेय की उतरतेय हे कळतच नाही. लोकांना विचारलं की "झाले तीन-चार दिवस" एवढंच सांगतात. मी विचारायचे, "बुधवारच्या बाजाराला गेला होतात तेव्हा अंग गरम होतं का?" मग बरोबर आठवतं.

दुसरं, दिवसा माणूस कुठे असतो. हा डास दिवसा चावतो आणि चावल्यावर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. शाळेत चावला असेल तर तुमची टाकी धुऊन काय उपयोग? मागच्या पंधरा दिवसांत गावी जाऊन आला का, तेही लिहा.

आणि कळकळीने सांगते, ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. विंग आणि मजला पुरे. एकदा नाव फुटलं की पुढचा माणूस ताप लपवतो, आणि तिथून नोंदच संपते.

लॅबवाला_सिडको:
पत्त्याचाही घोळ असतो. गावाकडचा पेशंट इथल्या भावाचा पत्ता देतो, म्हणजे त्याची नोंद नाशिकात. उलटही होतं. तुमच्यापैकी कुणी आधार कार्डावरचा जुना पत्ता दिलाय का विचारा.

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी:
विचारलं. दोघांनी जुनाच पत्ता दिलाय, तिघांची टेस्ट कार्डावरची. ताईंनी सांगितलं तशा तारखा लावल्या, तर पाच जण बी विंगचे, तळमजला ते दुसरा मजला, आणि ताप सगळ्यांना एकाच आठवड्यात आलाय. त्यातल्या दोन आजी घराबाहेर पडतच नाहीत.

निवृत्त_आरोग्यसेविका:
मग डास बी विंगमध्येच आहे. लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारून बघा, पावसाळ्यात तिथे हमखास पाणी साचतं. लिफ्टवाल्याला बोलावून, लिफ्ट बंद करूनच खाली उतरा. पाणी उपसून थांबू नका, कडा घासून घ्या. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. आठवड्याने पुन्हा बघा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. यादी आशाताईंना नेऊन द्या, त्या दोन पत्त्यांची दुरुस्तीही त्यांनाच सांगा. नव्याने कुणाला ताप आला तर तारीख त्याच दिवशी लिहा.