ऊसतोड कोप्या आणि पोलिओचं मॉडेल: साथ दरवेळी विझते, चूक कुठे?

फडावरचं_गणित:
माळशिरस-पंढरपूर भागासाठी एसईआयआर मॉडेल बसवतोय (मुलं चार कप्प्यांत: संसर्ग होऊ शकणारी, झालेली, पसरवणारी आणि सुरक्षित). पाच वर्षांखालची ५०,००० मुलं, लसीकरण ९०%, आर-नॉट, म्हणजे कुणीच सुरक्षित नसताना एका मुलापासून सरासरी किती जणांना संसर्ग होतो, ६ (सगळं गृहीत). बाहेरून एक संसर्ग सोडला की विझतो. गाळप सुरू झालं की कोप्यांवर (ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर) येणारी, डोस चुकलेली १,००० मुलं मिसळली तरी काही हलत नाही.

सीनाकाठ:
मिसळलीत हीच चूक. त्यातली ४०% सुरक्षित धरली तरी एकूण सरासरी ९० वरून ८९ वर येते, बस्स. पण त्या गटापुरता आर (सुरक्षित मुलं वगळून एकापासून होणारे नवे संसर्ग; १ च्या वर गेला की साथ वाढते) ६ × ०.६ = ३.६. एकाच टाकीचं पाणी, फडाच्या बांधाला हागणदारी, आईबाप तोडीवर आणि पोरं दिवसभर एकत्र. दोन गट करा. कोप्यांवरच्या मुलांचे ८०% संपर्क आपसात, २०% गावात ठेवून बघा. मात्र संपर्क दोन्हीकडून सारखे मोजले गेले पाहिजेत: कोप्यांचे २०% म्हणजे गावाच्या ४९,००० मुलांच्या बाजूने जेमतेम ०.४%. तिथेही २०% टाकले तर गावात नसलेली साथ दिसेल.

आणि समीकरणांऐवजी यादृच्छिक पद्धतीने (प्रत्येक संसर्ग होतो की नाही हे नाणं उडवल्यासारखं ठरवून) किमान हजार वेळा चालवा. आर ३.६ असला तरी एका मुलापासून सुरू झालेली साखळी सुमारे २८% वेळा आपोआप तुटते.

भीमातीर:
त्याआधी पोलिओ विषाणूचा टाइप ठरवा, १ की २. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या लसीतून टाइप २ काढला. त्यामुळे आजच्या पाच वर्षांखालच्या मुलांना टाइप २ साठी फक्त इंजेक्शनचं संरक्षण आहे. इंजेक्शन लकवा टाळतं, आतड्यातला संसर्ग फारसा अडवत नाही. म्हणजे टाइप २ साठी तुमचे ९०% 'आर' (सुरक्षित) कप्प्यात जातच नाहीत. 'लकवा होणार नाही पण विषाणू सोडेल' असा वेगळा कप्पा लागतो. गावातली मुलं ठणठणीत राहून संसर्ग फिरवतील, लकवा होईल तो कोपीवरच्या पोराला. हे मॉडेलमध्ये दिसलंच पाहिजे.

टाइप १ लाही डोस घेतला म्हणजे लागू झाला असं नाही. एका डोसाला ५०% धरलं तर तीन डोसांत ८७.५%. ९०% मुलांना तिन्ही मिळाले तरी सुरक्षित ७९%, आणि आर सुमारे १.३. विझायचं कारणच उरत नाही!

पल्स_रविवार:
तपासणीसाठी लकव्याच्या केसेस वापरणार असाल तर सांभाळा. टाइप १ मध्ये लस नसलेल्या सुमारे २०० संसर्गांमागे एक लकवा, टाइप २ मध्ये दोन हजारांच्या आसपास. टाइप १ चे २०० संसर्ग होऊनही एकही केस न दिसण्याची शक्यता ३७%. 'शून्य केस' म्हणजे 'शून्य संसर्ग' धरून बीटा (संसर्ग पसरण्याचा दर) बसवू नका. न्यूयॉर्कच्या रॉकलंड काउंटीत २०२२ ला लकव्याची एकच केस होती, सांडपाण्यात मात्र विषाणू पुन्हा पुन्हा सापडला.

फडावरचं_गणित:
टाइप २ चा कप्पा आजच घालतो. कोप्यांवरच्या मुलांची संख्या कुठून घ्यावी? अंगणवाडीच्या यादीत ती नाहीत.

सीनाकाठ:
नाव गावाकडच्या अंगणवाडीत, मूल इथल्या फडात; दोन्हीकडून सुटतं. मुकादमाकडे कोयत्यांची यादी असते. एक कोयता म्हणजे एक जोडपं. चार-पाच टोळ्यांत कोयत्यामागे लहान मुलं किती ते मोजून गुणा. ही संख्या दिवाळीनंतर वाढती आणि मार्च-एप्रिलला उतरती ठेवा; वर्षभर स्थिर नको. विष्ठेतून विषाणू ३ ते ६ आठवडे जातो, म्हणून टोळ्या उठल्या त्या दिवशी मॉडेल थांबवू नका. परतीच्या गावांचा तिसरा गट जोडा.