दंडाच्या शस्त्रक्रियेसाठी शिरेतून भूल: पूर्ण, की फक्त हाताची?

प्रश्न (कागलहून):
मोटारसायकलवरून पडल्याने माझ्या वडिलांच्या दंडाचे हाड मध्यभागी मोडले असून कोल्हापुरात प्लेट बसवण्याचे ठरले आहे. पूर्वी गुऱ्हाळावर चुलवाणापुढे वर्षानुवर्षे काम केल्यामुळे त्यांना चालताना दम लागतो. डॉक्टर शिरेतून पूर्ण भूल देणार आहेत. शेजारच्या काकांच्या मनगटाच्या शस्त्रक्रियेत मात्र शिरेत औषध देऊन फक्त हात बधिर केला होता आणि ते जागे होते. वडिलांसाठी तसे का करता येत नाही?

उत्तर (भूलतज्ज्ञ, कोल्हापूर):
काकांना दिलेली पद्धत जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी १९०८ मध्ये मांडली. तीत दंडाला हवेचा पट्टा आवळून हाताचा रक्तप्रवाह थांबवतात आणि त्याच हाताच्या शिरेत लिग्नोकेनसारखे औषध सोडतात. बधिरता पट्ट्याच्या खालीच राहते. आपल्या वडिलांचे हाड नेमके पट्टा बांधण्याच्या जागी मोडले आहे, त्यामुळे ही पद्धत येथे उपयोगाची नाही.

पूर्ण भुलीत प्रोपोफॉल हे झोप आणणारे औषध पंपाने सतत दिले जाते, जोडीला फेंटानिलसारखे वेदनाशामक असते. भुलीचा वायू लागत नाही आणि नंतरची मळमळ कमी होते. मात्र रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, म्हणून श्वासमार्गात नळी घालून रुग्णावर अखंड लक्ष ठेवावे लागते.

मानेजवळ नसांच्या (मज्जातंतूंच्या) जाळ्याभोवती इंजेक्शन देऊन खांदा व दंड बधिर करण्याचाही पर्याय असतो. पण नेहमीच्या मात्रेत त्यामुळे त्या बाजूचे श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वासाचा स्नायू) बहुतेक रुग्णांत काही तास लुळे पडते. निरोगी माणसाला ते सहसा जाणवत नाही, परंतु ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत त्याला ते जड जाऊ शकते. आपल्या डॉक्टरांनी हाच विचार केला असावा, असे मला वाटते. तरी त्यांना स्पष्ट विचारा आणि धुराचा पूर्वेतिहास आवर्जून सांगा.

उत्तर (अस्थिरोग शल्यचिकित्सक):
एक भर घालतो. दंडाच्या हाडाला लगटून रेडियल नस जाते आणि तिला अशा मोडीत इजा होऊ शकते. वडिलांना मनगट व बोटे वर उचलता येतात का, याची नोंद भुलीपूर्वीच व्हायला हवी, अन्यथा दोष मोडीचा की शस्त्रक्रियेचा हे नंतर ठरवणे कठीण जाते.

उत्तर (परिचारिका):
शस्त्रक्रियेपूर्वी हलके जेवण किमान सहा तास, मटण-रस्सा किंवा तळलेले पदार्थ आठ तास, आणि साधे पाणी दोन तास आधी बंद ठेवतात. दुधाचा चहा पाण्यात मोजू नये. श्वासाचा पंप वापरत असल्यास तो सोबत आणावा, आणि बिडी असल्यास आजच बंद करावी.