सी विंगचा ब्रदर बोहोलमध्ये

जोशी काकू (ए-१०४): तुस्कानो वहिनी, काल लिफ्टमध्ये बोलणं अर्धवट राहिलं. मुलगा यंदा नाताळला येतोय ना?

तुस्कानो वहिनी (सी-४०२): नाही हो काकू. यंदा नाहीच. फिलिपिन्सला आहे, बोहोल म्हणून बेट आहे तिथे. मिशनरी संस्थेकडून गेलाय, एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांच्या हाताखाली ब्रदर आहे. पुढचं काय ते त्यांचे वरिष्ठ ठरवतात, आपल्या हातात काही नसतं. तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे, झोपला नसेल तर लिहील.

पाटील, सेक्रेटरी: ऑनलाइन दिसतोय की. ब्रदर, हजेरी लावा!

तुस्कानो ज्युनिअर: हजर, पाटील काका 😀 इथे साडेअकरा वाजलेत. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तीनला उठायचंय, पण झोप येत नाहीये.

नेहा (ए-३०१): तीनला?? कशाला?

तुस्कानो ज्युनिअर: चारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला. १६ ते २४ डिसेंबर, नऊ दिवस रोज पहाटे मिस्सा असते. मनिलाकडे तिला सिम्बांग गाबी म्हणतात, इकडे मिसा दे गाल्यो. स्पॅनिश काळापासून चालत आलंय. शेतावर जायच्या आधी लोकांना मिस्सा मिळावी म्हणून पहाटेची वेळ. आता शेतावर जाणारे कमी झाले, पण वेळ तीच राहिली. आणि चर्च भरून लोक बाहेर रस्त्यापर्यंत उभे असतात. कॉलेजची पोरं रात्रभर जागून थेट येतात, शेवटच्या बाकावर डुलक्या काढतात. नऊच्या नऊ केल्या की मनातली इच्छा पूर्ण होते असं मानतात. परीक्षा, व्हिसा, लग्न, सगळे नवस याच आठवड्यात.

जोशी काकू (ए-१०४): म्हणजे आपलं काकड आरतीसारखंच.

लोपीस अंकल (सी-१०१): आपल्याकडे मध्यरात्रीच्या मिस्सेला लोकांना जागं ठेवताना नाकी नऊ येतात. इथे रोज पहाटे!

जोशी काकू (ए-१०४): उपाशीपोटी जाता का रे? खायला काय असतं?

तुस्कानो ज्युनिअर: काकू, खरी गर्दी त्यासाठीच 😀 फाटकाबाहेर बाया निखारे घेऊन बसलेल्या असतात. बिबिंगका म्हणून प्रकार आहे. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान घालून त्यावर ओततात. खाली निखारे, आणि वर पत्र्याचं झाकण ठेवून त्यावरही निखारे. पानाची कड करपते, त्याचा वास पार आत वेदीपर्यंत येतो. फादरांचं प्रवचन लांबलं की लोकांच्या माना दरवाजाकडे वळतात. चव साधारण आपल्या सांदणाच्या जवळची.

दुसरं पुतो माया. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात, आलं घालून वाफवलेले. सोबत सिकवाते, म्हणजे कोकोच्या वड्या गरम पाण्यात लाकडी रवीने घुसळून केलेलं दाट पेय. माझा नाश्ता रोज हाच. पाच पेसो सुटे नसले तरी म्हातारी ओळखते, उधार देते.

जोशी काकू (ए-१०४): गोव्याची बेबिंका ती हीच का?

तुस्कानो ज्युनिअर: नाही काकू, हिला थर नसतात.

कुलकर्णी (बी-२०१): एक प्रश्न विचारू का? राग मानू नका. फिलिपिन्समध्ये सगळे आधीच ख्रिस्ती आहेत असं वाचलंय. मग तिथे मिशनरी कशाला लागतो? कोणाचं धर्मांतर करणार?

लोपीस अंकल (सी-१०१): कुलकर्णी, सणाच्या दिवसांत हे काढायलाच हवं होतं का?

पाटील, सेक्रेटरी: अंकल, शांत. त्याला उत्तर देऊ दे. आणि हो, सी विंगसमोर निळी स्कूटर कोणाची आहे? उद्या सकाळी टँकर येणार आहे, काढून घ्या.

तुस्कानो ज्युनिअर: काका, प्रश्न रास्त आहे. मी निघायच्या आधी हाच प्रश्न मलाही होता. २०२० च्या जनगणनेत इथे जवळपास ८० टक्के लोक कॅथलिक आहेत. स्पॅनिश लोक १५६५ मध्ये याच बोहोलला लागले होते. तेव्हा मला इथे कोणाचंही धर्मांतर करायला पाठवलेलं नाही. देशात ७,६०० हून जास्त बेटं, आणि फादर कमी. आमच्या धर्मग्रामात एक फादर आणि दूरदूरच्या वाड्यांमध्ये डझनावारी चॅपल. डिसेंबरमध्ये प्रत्येक वाडीला आपल्या चॅपलमध्ये मिस्सा हवी असते. मी ब्रदर, दीक्षा झालेला फादर नव्हे, म्हणून मला मिस्सा करता येत नाही. मी गाडी चालवतो, गायनाची तालीम घेतो, जिथे फादर पोहोचत नाहीत तिथे प्रार्थना घेतो, आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) देतो. बाकी वेळ खुर्च्या लावणं आणि खुर्च्या उचलणं.

कुलकर्णी (बी-२०१): पगार किती मिळतो?

तुस्कानो ज्युनिअर: शून्य 😀 राहणं-जेवण संस्थेचं, आणि प्रवासाला थोडे पेसो.

कुलकर्णी (बी-२०१): बरं. मग ही नोकरी नव्हे.

तुस्कानो वहिनी (सी-४०२): मी दोन वर्षं हेच सांगतेय नातेवाइकांना.

तुस्कानो ज्युनिअर: एक गंमत सांगतो. इथे भारतीय माणूस मोटरसायकलवरून वाडीत शिरला की लोकांना वाटतं, सावकार आला. आपल्या पंजाबमधून आलेले बरेच जण इथे गावोगावी छोटी कर्जं देतात आणि रोज हप्ता गोळा करत फिरतात. पाच दिले की सहा घ्यायचे, असा हिशेब. त्यांना सरसकट 'बुम्बाय' म्हणतात, म्हणजे मुंबईवाला. मी तर खरोखरच मुंबईच्या बाजूचा! सुरुवातीला एका घरात मी हाक मारली तर आतून पोरगं ओरडलं, आई घरी नाहीये. आई दाराच्या फटीतून दिसत होती.

नेहा (ए-३०१): 😂😂😂

सावंत (बी-३०३): आमच्या चिरंजीवांच्या जहाजावर अर्धे लोक फिलिपिनोच. तो म्हणतो, सप्टेंबर लागला की मेसमध्ये नाताळची गाणी सुरू.

तुस्कानो ज्युनिअर: खरं आहे, सावंत काका. सप्टेंबरच्या १ तारखेपासून दुकानांत, जीपनीत (इथली शेअर गाडी), सगळीकडे तेच. दारोदार पारोल, म्हणजे बांबूच्या काड्या आणि पातळ कागदाचे चांदणीचे कंदील. आपल्याकडे सुद्धा गावात चांदण्या लागतात, पण इथे झोपडीलाही असतेच, चिप्सच्या रिकाम्या पाकिटांची का होईना. संध्याकाळी पोरं गाणी म्हणत येतात. बाटल्यांची पत्र्याची बुचं ठोकून सपाट करायची, तारेत ओवायची, झाला खुळखुळा. एक कडवं म्हणतात आणि हात पुढे.

खरं सांगू का, यामुळेच जास्त जड जातं. जिथे नाताळच नाही अशा देशात असतो तर कदाचित इतकं घर आठवलं नसतं. इथे चारही बाजूंनी नाताळ आहे आणि तो आपल्या पद्धतीचा नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्पॅगेटी करतात, तीही साखर घालून, वर लालभडक सॉसेजचे तुकडे. मला इंदियाल (आपलं डुकराचं आंबट-तिखट मटण) आणि गरम फुगे (तळलेले गोल पाव) हवे असतात. आईने दिलेला बाटली मसाला होता, तो मी फादरांच्या स्वयंपाकघरात एकदा डुकराच्या मटणाला लावला. स्वयंपाकीणबाई शिंकत अंगणात जाऊन बसली. फादरांनी मात्र दोनदा वाढून घेतलं.

तुस्कानो वहिनी (सी-४०२): मसाला संपला का? मला सांगितलं नाहीस.

तुस्कानो ज्युनिअर: थोडा आहे, आई. २५ तारखेसाठी ठेवलाय.

म्हात्रे सर (ए-२०२): उशिरा वाचतोय. वसईतून मनिलाला जाणारा हा पहिला ब्रदर नव्हे, हे मंडळींच्या लक्षात आणून देतो. गोन्सालो गार्सिया. गासचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे, रोज त्यावरून जाता-येता. जन्म वसईतला, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहान वयात जेझुइट संघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, पुढे व्यापार केला, आणि मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. फादर नव्हे, ब्रदरच. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. १५९६ च्या डिसेंबरमध्ये त्यांना पकडलं, थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला २५ जणांसह क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत.

कुलकर्णी (बी-२०१): म्हणजे नाताळ कैदेत गेला त्यांचा. हे माहीत नव्हतं, सर. गासवरून तर आठवड्यातून चारदा जातो मी.

तुस्कानो ज्युनिअर: सर, इथे पेद्रो कालुंगसोद यांचा पुतळा बऱ्याच चर्चमध्ये असतो. याच विसायास भागातला मुलगा, किशोरवयात जेझुइटांबरोबर गुआम बेटावर धर्मशिक्षक म्हणून गेला, १६७२ मध्ये मारला गेला. २०१२ मध्ये संत झाला. लोक मला विचारतात, तुझ्या गावचं कोणी आहे का? मग मी गार्सियांचं सांगतो. तेव्हापासून माझा भाव वाढलाय.

नेहा (ए-३०१): तिकडे डिसेंबरमध्ये वादळं पण येतात ना?

तुस्कानो ज्युनिअर: येतात. इथला प्रत्येक जण २०२१ च्या ओडेट वादळाचं सांगतो. बाहेर त्या वादळाला राय म्हणत होते. १६ डिसेंबरलाच आलं. पहाटे नऊ मिस्सांपैकी पहिली झाली आणि रात्री छपरं उडाली. देशभरात ४०० हून जास्त माणसं गेली. बोहोलला मोठा फटका बसला, नाताळात बहुतेक भागात वीज नव्हती, फोन नव्हते, पाण्याला रांगा. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे लोक जमले, असं आमचे सॅक्रिस्टन, म्हणजे चर्चची देखभाल करणारे, सांगतात. घंटा वाजवायची का, यावर त्यांचा आणि तेव्हाच्या फादरांचा वाद झाला. फादर म्हणाले लोकांना झोपू दे. हे म्हणाले, झोपलंय कोण?

त्याआधी २०१३ च्या १५ ऑक्टोबरला ७.२ चा भूकंप. लोऊन आणि मारिबोहोकची प्रवाळाच्या दगडाची जुनी चर्चं पूर्ण कोसळली. इथल्या म्हाताऱ्या माणसांना नाताळची वर्षं अशीच आठवतात. भूकंपानंतरचा, वादळानंतरचा, कोविडमधला.

जोशी काकू (ए-१०४): आजारी माणसांची घरं फिरतोस म्हणालास. एकटी असतात का रे ती?

तुस्कानो ज्युनिअर: बरीच. सावंत काकांना माहीत असेल, इथल्या बहुतेक घरातलं एक तरी माणूस बाहेर असतं. जहाजावर, सौदीत, हाँगकाँगला घरकामाला. मी एका लोलाकडे (आजीला इथे लोला म्हणतात) कम्युनियन घेऊन जातो. अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगी हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळते. तिची स्वतःची दोन इथे लोलाजवळ. मुलीने पाठवलेलं खोकं महिन्यापूर्वी समुद्रमार्गे आलंय. पुठ्ठ्याचं, माझ्या कमरेइतकं उंच, चिकटपट्टीने गुंडाळलेलं, सगळ्या बाजूंनी मार्करने नाव-पत्ता. लोला ते उघडू देत नाही. त्यावर चादर घालून वर गोठा मांडलाय. मेंढ्या, बाळ येशू, सगळं त्या खोक्यावर. पोरं चादर उचलून खोक्याला नाक लावतात. साबणाचा वास येतो म्हणतात, चॉकलेटचा येत नाही, म्हणून काळजीत आहेत.

२४ ला मध्यरात्री मिस्सा झाल्यावर गोठा उतरवून खोकं उघडायचं, मुलगी तिकडून फोनवर बघणार. फोन धरायचं काम माझं. लोला म्हणाली, तुझी आईपण अशीच फोनवर बघते ना, मग तुला बरोबर कसं धरायचं ते माहीत असेल. आम्ही इथे आलो तेव्हा प्रवचनं, भाषा, सगळं शिकवलं. हे काम कोणी सांगितलं नव्हतं, आणि डिसेंबरमध्ये हेच सगळ्यात जास्त करतो.

सावंत (बी-३०३): आमच्या घरी पण दिवाळीला फोन पणतीच्या बाजूला टेकवून ठेवलेला असतो. नेटवर्क गेलं की हिची बडबड सुरू.

जोशी काकू (ए-१०४): त्या पोरांना सांग, चॉकलेट नक्की असणार. आई आहे ती.

लोपीस अंकल (सी-१०१): ३१ ला काय करतात रे तिथे?

तुस्कानो ज्युनिअर: अंकल, टेबलावर बारा प्रकारची गोल फळं लागतात, महिन्याला एक. आठवडाभर आधी संत्री, द्राक्षं, कलिंगडं यांचे भाव कडाडतात. बारा वाजले की पोरं उड्या मारतात, उंची वाढावी म्हणून. खिशात नाणी घालून. मलाही मारायला लावतात. चोविसाव्या वर्षी काही उपयोग नाही म्हटलं, तर म्हणाले, ब्रदर, श्रद्धा ठेवा.

कुलकर्णी (बी-२०१): 😄 आता झोप. तीनला उठायचंय ना?

पाटील, सेक्रेटरी: एक मिनिट. २५ ला संध्याकाळी ७ वाजता टेरेसवर आपला कार्यक्रम आहे. डेकोरेटरकडून पडदा घेतोय, ब्रदरला व्हिडिओ कॉलवर घेऊ. तिथे साडेनऊ असतील. चालेल ना?

तुस्कानो ज्युनिअर: काका, २५ ला दुपारी फादरांबरोबर होडीने समोरच्या छोट्या बेटावर जायचंय, मुक्काम तिथेच. नेटवर्कचा भरवसा नाही. २६ ला करता येईल का?

जोशी काकू (ए-१०४): २६ ला करा. मी करंज्या तशाही त्याच दिवशी तळणार आहे.

तुस्कानो वहिनी (सी-४०२): काकू, फुगे मी करते. टेरेसवरच गरम गरम काढू.

तुस्कानो ज्युनिअर: मला दाखवून खाणार का तुम्ही??

म्हात्रे सर (ए-२०२): अर्थात.

पाटील, सेक्रेटरी: मग २६ नक्की. सगळ्यांनी नावं कळवा, खुर्च्यांचा आकडा उद्यापर्यंत द्यायचाय. आणि ती निळी स्कूटर अजून तिथेच आहे.

नेहा (ए-३०१): माझी आहे काका, येते खाली.