गोल तळाचे बूट : आईला घालू द्यावेत का?

कुरमुरे_चिवडा :
मावसभावाने परदेशातून आईसाठी बूट आणलेत. तळ होडीसारखा गोल, टाचेखाली गादी. 'नुसतं चाला, पोटऱ्या आपोआप घडतील' म्हणे. आई ६३ची, रोज सकाळी शिवाजी पार्कला जाते. चार दिवस घातले तर पोटऱ्या भरून आल्यात. गेल्या वर्षी डावा पाय मुरगळला होता. सवय होईल की काढून ठेवू?

पायपीट :
ताई, मी फिजिओ आहे. पोटऱ्या भरणारच. साध्या चपलेत टाच टेकते, पाऊल सपाट होतं, नडगी त्यावरून पुढे झुकते आणि शेवटी पंजाने जमीन मागे रेटतो. गोल तळात टाच टेकतानाच पंजा नेहमीपेक्षा जास्त वर असतो. शेवटी तळच पुढे लोळतो, त्यामुळे घोट्याला खाली उलगडायला कमी वाव मिळतो. त्यात टाचेची गादी पाऊल आतबाहेर डुगडुगवते. ते सावरायला पोटरी आणि घोट्याभोवतीचे स्नायू राबतात. निरोगी माणसाला हा व्यायाम ठीक. एकदा मुरगळलेल्या घोट्याला मात्र पाऊल नेमकं कुठे आहे याचा अंदाज उशिरा येतो, आणि तो आत वळला की बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, ताणले जातात. काकूंना मधुमेह आहे का? तळव्याला बधिरपणा?

भाऊचा_धक्का :
शिवाजी पार्कात चालतील हो, पण तिथवर जायचं कसं? उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणं! मी असलेच बूट घालून दादरच्या पुलाचा जिना उतरत होतो. पायरीच्या कडेवर गोल तळ आला आणि मागच्याच्या पिशवीतल्या मेथीवर बसलो. मेथीचे पैसे दिले, बूट भावजींना.

जुना_बाजार :
ही टूम जुनीच. स्वित्झर्लंडच्या कार्ल म्यूलरने १९९६मध्ये एमबीटी (मसाई बेअरफूट टेक्नॉलॉजी) बूट काढले, नाव थेट आफ्रिकेतल्या मसाई लोकांच्या अनवाणी चालण्यावरून. मग मोठ्या कंपन्या उतरल्या. अमेरिकेत स्नायू घडवण्याचे दावे सिद्ध करता येईनात, म्हणून २०११मध्ये रिबॉकला २.५ कोटी डॉलर आणि २०१२मध्ये स्केचर्सला ४ कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. तेव्हा खोक्यावरचं वाचू नका, पायाचं ऐका.

अंगठेबहाद्दर :
सगळ्या गोल तळांना एका माळेत ओवू नका. माझ्या अंगठ्याचा सांधा आखडलाय. डॉक्टरांनी पुढून वर वळलेला कडक तळ दिला, त्यात अंगठा कमी वाकतो. पण तो डुगडुगत नाही. मुद्दा मऊ टाचेचा आहे.

कुरमुरे_चिवडा :
मधुमेह नाही, बधिरपणाही नाही. मग दुसरे कुठले घेऊ?

पायपीट :
ब्रँड सांगत नाही. टाच रुंद, मागची वाटी दाबली तर न चेपणारी. बूट पिळून बघा, फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. दुकानात संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात. आणि घोटा बळकट करायचाच असेल तर ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहू दे, आधी दहा-दहा सेकंद. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतं. पाय दुखला तर थांबायचं.

कुरमुरे_चिवडा :
आई तयार आहे, पण म्हणते भाच्याला वाईट वाटेल. शेवटी असं ठरलं, त्याचा व्हिडिओ कॉल आला की सोफ्यावर बसून बूट घालायचे.