‘स्टिक फ्लाय’: तुम्ही पाहिलंत का? तुमचे अनुभव लिहा

८ डिसेंबर २०११ ला न्यूयॉर्कच्या कॉर्ट थिएटरमध्ये ‘स्टिक फ्लाय’ हे नाटक लागलं आणि २६ फेब्रुवारी २०१२ ला उतरलं. लेखिका लिडिया डायमंड, दिग्दर्शक केनी लिऑन. निर्मात्यांमध्ये गायिका अ‍ॅलिशिया कीज होती आणि संगीतही तिचंच. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या आपल्या घरी सुट्टीला जमलेल्या लव्हे कुटुंबाची ही गोष्ट. घर आफ्रिकन-अमेरिकन आणि चांगलं सुखवस्तू. वडील न्यूरोसर्जन, थोरला फ्लिप प्लास्टिक सर्जन, धाकटा स्पून कादंबरी लिहिणारा. दोघंही आपापल्या मैत्रिणींना घरच्यांना भेटवायला घेऊन आलेत. स्वयंपाकघरात शेरिल, आजारी आईच्या बदली कामाला आलेली.

इतकं ताकदीचं नाटक तीन महिनेही चालू नये, याची हळहळ मला अजून आहे. न्यूयॉर्कला, त्याआधी बॉस्टन-वॉशिंग्टनला किंवा नंतर एखाद्या कॉलेजात, जिथे पाहिलं असेल तिथलं लिहा. समीक्षा नको, काय लक्षात राहिलं ते हवं. शेवट उघड झाला तरी चालेल. सुरुवात मीच करते.

न्यू जर्सी

जानेवारीत गेलो होतो, मी आणि भारतातून आलेली माझी मोठी जाऊबाई. फोनचा प्रवेश मी विसरूच शकत नाही. शेरिलला तिची आई फोनवर सांगते, की ज्या घरात तू आत्ता काम करते आहेस, त्या घराचे मालकच तुझे वडील. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. सगळं कळतं ते फक्त शेरिलच्या चेहऱ्यावरून. हे काम कोंडोला रशादने केलं होतं आणि त्यासाठी तिला टोनी या अमेरिकी रंगभूमीवरच्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. (तिची आई फिलिशिया रशाद. २००४ मध्ये नाटकातल्या प्रमुख भूमिकेसाठी टोनी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री.) माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई मोठ्याने “ओ नो, बेबी” म्हणाल्या, आणि कोणी त्यांना गप्प केलं नाही. जाऊबाईंना सगळं इंग्रजी कळत नव्हतं, तरी त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

बॉस्टन

मी न्यूयॉर्कच्या आधी, २०१० मध्ये हंटिंग्टन थिएटरमध्ये पाहिलं. तेव्हा शिकत होतो, विद्यार्थ्यांचं स्वस्त तिकीट होतं. टेलर, म्हणजे स्पूनची वाग्दत्त वधू, कीटकशास्त्रज्ञ. माशीच्या हालचाली टिपायच्या तर ती आधी काडीला चिकटवावी लागते, हे ती समजावून सांगते तेव्हा प्रयोगशाळेत काम करणारा मी एकदम सावरून बसलो. पुढचं सगळं नाटक त्याच नजरेने पाहिलं. एका घरात अडकलेली सहा माणसं आणि सगळ्यांची धडपड.

शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

वर शेरिलबद्दल वाचलं म्हणून लिहायला बसले. माझ्या माहेरी, कोल्हापूरला, कामाच्या मावशी आजारी पडल्या की त्यांची मुलगी यायची. माझ्याच वयाची. शाळा बुडवून यायची. सगळे तिला “घरातलीच आहे” म्हणायचे, पण तिचा कप वेगळा होता. दांडी तुटलेला, निळ्या फुलांचा, मोरीच्या वरच्या फळीवर ठेवलेला.

नाटकात शेरिल काम करत असताना टेलरला बसवत नाही. ती मदतीला उठते आणि शेरिलला त्याचाच राग येतो. ते काम तिचं आहे, ते ती नीट करते, आणि पाहुणीच्या अवघडलेपणाचा भार तिने का उचलायचा? टेलरचं दुखणं वेगळं. तिचे वडील नामवंत समाजशास्त्रज्ञ, पण त्यांनी हिला आणि हिच्या आईला वाऱ्यावर सोडलेलं. मोठं नाव मिळालं, घर मिळालं नाही. म्हणून लव्हेंच्या घरातली पुस्तकं आणि ऐसपैस खोल्या पाहून ती भांबावते. दोन मुली, दोघींना बापाने नाकारलेलं, आणि तरी एक सोफ्यावर, दुसरी ओट्याशी. वर्ण एकच असूनही त्या दोघींमध्ये केवढं अंतर आहे, हे लेखिकेने एकही भाषण न देता दाखवलंय. मला तर हे नाटक वर्णभेदापेक्षा जास्त याच अंतराचं वाटतं. मी ते इथल्या एका छोट्या नाट्यगृहात पाहिलं आणि घरी आल्यावर आईला फोन करून त्या मुलीचं पुढे काय झालं ते विचारलं. ती नर्स झाली, सांगलीला असते.

सॅन होजे

माझं मत जरा वेगळं. मला ते मालिकेसारखं वाटलं. फ्लिप आणि टेलर यांचं जुनं प्रकरण, वडिलांचं गुपित, आईचं न येणं, एका शनिवार-रविवारी इतकं सगळं फुटतं होय! दोन प्रवेशांमधलं संगीतही मला लांबलेलं वाटलं. नट मात्र उत्तम. रुबेन सांटियागो-हडसनने वडील असे उभे केले होते की त्यांचा राग येत असतानाही त्यांच्यावरून नजर हटत नव्हती.

ओहायो

आमच्या विद्यापीठात हे नाटक झालं तेव्हा मी प्रकाशयोजनेला होतो. स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि पडवी एकाच वेळी प्रेक्षकांसमोर. एकीकडे भांडण, दुसरीकडे कोणीतरी गुपचूप कॉफी ओततंय. क्यू, म्हणजे दिवा बदलायचा क्षण, अर्धा सेकंद चुकला तरी प्रेक्षक भलतीकडेच बघणार. व्हिस्की म्हणून कोरा चहा असायचा आणि तो गार झाला की वडिलांचं काम करणारा मुलगा वैतागायचा.

सगळ्यात अवघड गेला टेलर आणि किंबरच्या भांडणाचा प्रवेश. किंबर फ्लिपची मैत्रीण, गोरी, गरीब वस्तीतल्या मुलांसोबत काम करणारी. टेलर तिच्यावर असा काही भडिमार करते की श्वास घ्यायला फुरसत नाही. तालमीत तो प्रवेश संपला की दोघी मुली काही न बोलता वेगवेगळ्या दारांनी बाहेर जायच्या. तिसऱ्या आठवड्यात आमच्या दिग्दर्शिकेने दोघींना जेवायला नेलं. काय बोलणं झालं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून प्रवेश उभा राहिला.

न्यूयॉर्क

एक माहितीची भर. त्या मोसमात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, कटोरी हॉल, लिडिया डायमंड आणि सुझन-लोरी पार्क्स या तीन कृष्णवर्णीय लेखिकांचं काम लागलं होतं. कॉर्ट थिएटरला २०२२ पासून कृष्णवर्णीय अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांचं नाव आहे. कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन यांचं ब्रॉडवेवरचं पहिलं नाटकही १९८४ मध्ये याच रंगमंचावर झालं होतं.

ह्यूस्टन

नाटकामुळे आम्ही मार्थाज व्हिनयार्डला गेलो. वुड्स होल बंदरातून फेरीबोटीने पाऊण तास. ओक ब्लफ्स गावातला इंकवेल हा किनारा आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचा, पिढ्यान्‌पिढ्या. तिथलं शिअरर कॉटेज १९१२ पासून कृष्णवर्णीय पाहुण्यांसाठी चाललं, कारण इतरत्र त्यांना खोली मिळत नव्हती. ते उभारणारे चार्ल्स शिअरर गुलामगिरीत जन्मले होते. हे समजल्यावर कळलं की लव्हेंना त्या घराचा एवढा अभिमान का.

मेरीलँड

वॉशिंग्टनला एरिना स्टेज या नाट्यसंस्थेचा प्रयोग मी शेजारच्या काकूंबरोबर पाहिला. त्या कृष्णवर्णीय, निवृत्त दंतवैद्य. मध्यंतरात म्हणाल्या, “माझे वडीलही डॉक्टर होते. आमच्या घरात असंच बोलायचे, असंच लपवायचे. हे रंगमंचावर मी पहिल्यांदा बघतेय.” तोवर मी त्यांना कधी त्यांच्या वडिलांबद्दल विचारलंच नव्हतं. त्या रात्री परतताना गाडीत त्याच बोलत होत्या.

डॅलस

इथल्या आमच्या नाट्यवाचन गटाने पुढच्या महिन्यात संहिता वाचायला घेतलीय, मूळ इंग्रजीतच. टेलर आणि शेरिलसाठी चढाओढ आहे, वडिलांसाठी मात्र कोणी तयार नाही. तो माणूस मुलीला समोर बघूनही तिला आपली म्हणत नाही, आणि तरी त्याला निव्वळ खलनायक करून वाचलं तर नाटक तिथेच गेलं. ओहायोवाल्यांनी तालमीत हे कसं सोडवलं, ते जरूर लिहावं.